कराड ते सी-वन

मंगळवार : कराड ते चित्रदुर्ग

पहाटे पाच वाजता कराडच्या कोल्हापूर नाक्यावरून आमची पिकअप महामार्गाला लागली तेव्हा पाऊस थांबला होता, पण ऑगस्टची ओली हवा काचेवर साचतच होती. मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली माझी यामाहा आर-१५ मोटारसायकल उभी होती. पुढचे सस्पेन्शन अर्धे दबेल इतके रॅचेटचे पट्टे ओढून तात्यांनी ती बांधली होती, आणि शेजारी हत्यारांची पेटी, टायरची जादा जोडी, दोन पॅडॉक स्टँड, हवा भरायचा पंप व पाण्याचे दोन जार होते. चालवायला माझे धाकटे दीर, मध्ये मी आणि खिडकीशी तात्या. गेली पस्तीस वर्षे कराडात मोटारसायकली दुरुस्त करणारे तात्या माझे मेकॅनिक आहेत, आणि मला पहिल्यांदा ट्रॅकवर घेऊन जाणारेही तेच.

४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग दिल्लीहून निघतो आणि मुंबई, पुणे, कराड, कोल्हापूर, बेंगळुरू असा उतरत चेन्नईला पोहोचतो. आमचे घर त्याच्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि मद्रास इंटरनॅशनल सर्किट, म्हणजे पूर्वीचा मद्रास मोटर रेस ट्रॅकही त्याच महामार्गालगत, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईत आहे. मध्ये सुमारे हजार किलोमीटर आहेत, पण बेंगळुरूचा वळसा सोडला तर रस्ता बदलावा लागत नाही. शर्यतीचा परवाना हातात नव्हता तेव्हासुद्धा संध्याकाळी कामावरून परतताना दक्षिणेकडे जाणारे ट्रक पाहून हा रस्ता शेवटी कुठे जातो, याचा विचार माझ्या मनात येत असे.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनज्ञ आहे. गळीत हंगाम सुरू झाला की रसाचा ब्रिक्स (त्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण), साखरेचे प्रमाण आणि पाळ्यांच्या नोंदी यांतून मान वर करता येत नाही; मात्र पावसाळ्यात कारखाना बंद असतो, देखभालीची कामे चालतात आणि रजा मिळते. मोटारसायकल शर्यतींचा हंगामही साधारण त्याच महिन्यांत असतो, म्हणून हा छंद मला जमला. एकतिसाव्या वर्षी प्रशिक्षण घेतले, वैद्यकीय तपासणीचे कागद जोडून मोटर शर्यतींच्या राष्ट्रीय फेडरेशनचा परवाना काढला, आणि आता छत्तिसाव्या वर्षी ही माझी पाचवी फेरी आहे. आजवर एकदाही पहिल्या पाचांत आलेली नाही.

या वेळी जाताना मी एकच काम ठरवले होते. ट्रॅकवरच्या वळणांना सी-वन ते सी-ट्वेल्व्ह असे क्रमांक आहेत. मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी येणारे सी-वन हे उजवीकडचे अतिशय वेगवान वळण आहे, आणि त्याच्या तोंडाशी मी थ्रॉटल, म्हणजे वेग देणारी मूठ, गरजेपेक्षा फार आधी सोडते. मागच्या वर्षी दुसऱ्या एका ट्रॅकवर अशाच उजव्या वळणात पडून माझे कॉलरबोन मोडले. चूक सर्वस्वी माझी होती. वळणात झुकलेली असताना घाबरून थ्रॉटल एकदम मिटवला, वजन पुढच्या चाकावर गेले आणि ते निसटले. हाड दोन महिन्यांत जुळले, पण उजवा हात अजून ती गोष्ट विसरलेला नाही.

धारवाडपर्यंत पाऊस येत-जात राहिला. हावेरीनंतर आकाश मोकळे झाले आणि अंधार पडायच्या आत आम्ही चित्रदुर्गला मुक्कामाला पोहोचलो. जेवण्याआधी तात्यांनी ताडपत्री उचलून पट्टे तपासले. एक ढिला झाला होता.

बुधवार : चित्रदुर्ग ते इरुंगट्टुकोट्टई

चित्रदुर्गाच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या मागे टाकून दुपारी बेंगळुरू ओलांडले आणि होसूर, कृष्णगिरी करत तमिळनाडूत उतरलो. वाणियंबाडी आणि आंबूर ही गावे आली तशी मी सावरून बसले, कारण माझा सूट घ्यायचा होता. हा पट्टा चामड्याच्या धंद्याचा आहे. इथे आणि पुढे राणिपेटला कातडी कमावण्याचे आणि पादत्राणांचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. रस्त्याच्या कडेला तो वास ओळखू येतो.

शर्यतीत एकसंध चामडी सूट सक्तीचा असतो. त्याचे चामडे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचे असते, शिवण दुहेरी-तिहेरी असते आणि खांदे, कोपरे, गुडघे यांवर आतून कवच बसवलेले असते. पाठीचे संरक्षक वेगळे घालायचे. डांबरावरून पन्नास-साठ मीटर घसरत जाताना अंगाची साल निघू नये, यासाठी एवढा खटाटोप. बाजारात तयार मिळणारे सूट मात्र बहुतेक पुरुषांच्या मापाचे असतात. ते बाईने घातले की खांद्याला सैल आणि मांडीला घट्ट बसतात, बाह्या लांब होतात, आणि मग कोपराचे कवच कोपरावर न राहता मनगटाकडे सरकते. हा केवळ ऐटीचा किंवा गैरसोयीचा प्रश्न नाही. मागच्या वर्षी पडले तेव्हा माझ्या सैल सूटमध्ये खांद्याचे कवच पाठीकडे फिरले होते आणि जमिनीला लागला तो नुसत्या चामड्याखालचा खांदा. कवच जागेवर असते तर हाड वाचलेच असते असे मी म्हणू शकत नाही, परंतु ते जागेवर नव्हते एवढे खरे.

हाडाची पट्टी सुटल्यावर मी या भागातल्या एका कारागिराचा पत्ता मिळवला आणि माझी सव्वीस मापे त्यांना कळवली. आधी साध्या कापडाचा नमुना आला, तो घालून मी मोटारसायकलवर ओणवी बसले, दिरांनी चारही बाजूंनी फोटो काढून पाठवले आणि त्यावरून दुरुस्त्या झाल्या. उभे राहून सूट नीट बसला तर तो चुकला असे समजावे, हे त्या कारागिरांनी मला समजावले. सूट टाकीवर वाकलेल्या अंगासाठी शिवलेला असतो, त्यामुळे उभे राहिल्यावर तो माणसाला पुढे ओढतो. आज त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी तो अंगावर चढवला, दोन्ही खांदे गोल फिरवले, कोपर वाकवून तळवा कवचावर ठेवला. कवच बरोबर हाडावर होते. मी पैसे दिले आणि कितीतरी वेळ ते चामडे मांडीवर घेऊन गाडीत बसून राहिले.

रात्री आठच्या सुमारास इरुंगट्टुकोट्टई आले. ट्रॅकच्या परिसरालगत ह्युंदाईचा मोठा कारखाना आहे आणि त्याच्या पाळीच्या बसगाड्यांच्या रांगेतून वाट काढत आम्ही खोलीवर गेलो.

गुरुवार : नोंदणी आणि स्क्रुटिनी

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ सालची. या क्लबच्या शर्यती सुरुवातीची अनेक वर्षे चेन्नईच्या उत्तरेला शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या धावपट्टीवर होत असत. हौशी लोकांच्या या क्लबने पुढे स्वतःची जमीन घेऊन ट्रॅक बांधला आणि १९९० मध्ये तो खुला झाला. तो ३.७१७ किलोमीटर लांबीचा असून त्यावर बारा वळणे आहेत. एका क्लबने उभा केलेला ट्रॅक आपल्या देशात इतकी वर्षे टिकून आहे, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण माझ्यासारखी कुठल्याही कंपनीच्या संघात नसलेली स्पर्धक इथवर येऊ शकते ती अशा क्लबांच्या जोरावरच.

सकाळी नोंदणी झाली, परवाना दाखवला, गाडीवर बसवायचा ट्रान्सपॉन्डर घेतला. अंगठ्याच्या आकाराचे हे यंत्र ट्रॅकमध्ये पुरलेल्या तारेवरून गेले की वेळ नोंदली जाते, आणि सेकंदाचा हजारावा भाग मोजणाऱ्या त्या नोंदीपुढे कुणाचीही समजूत चालत नाही. दुपारी स्क्रुटिनी, म्हणजे तांत्रिक तपासणी होती.

रस्त्यावरची मोटारसायकल शर्यतीला उभी करायची म्हणजे तिच्यातून पुष्कळ काही काढून टाकायचे असते. हेडलाइट, आरसे, इंडिकेटर, स्टँड, मागच्या सीटचे पायठेवे हे सारे निघते. काही गोष्टी नव्याने घालाव्या लागतात. इंजिन ऑइलच्या ड्रेन नटला आणि ऑइल भरायच्या झाकणाला बारीक भोक पाडून पोलादी तार ओवतात आणि ती पिळून अशी बांधतात, की नट सैल व्हायला लागला तर तार त्याला उलट दिशेने ओढून धरील. ब्रेक कॅलिपरच्या बोल्टनाही तशीच तार बांधायची. इंजिनखालचे फेअरिंग, म्हणजे बाहेरचे आवरण, बंद तळाचे असावे लागते, म्हणजे इंजिन फुटले तरी ऑइल ट्रॅकवर न सांडता त्यात साठते. हँडलच्या उजव्या टोकाला ब्रेकच्या लिव्हरपुढे एक वाकडी पट्टी असते, कारण शेजारच्या गाडीचा धक्का लिव्हरला लागून पुढचा ब्रेक आपोआप दाबला गेला तर चालक डोक्यावरून फेकला जातो. मागच्या स्प्रॉकेटजवळ, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राजवळ, चेनमध्ये हाता-पायाचे बोट अडकू नये म्हणून माशाच्या पराच्या आकाराचा तुकडा बसवायचा. रेडिएटरमध्ये कूलंट चालत नाही, नुसते पाणी लागते. त्याचे कारण मला कुणी सांगावे लागले नाही. कूलंटमधला ग्लायकॉल पाण्यासारखा उडून जात नाही, तो डांबरावर बुळबुळीत थर धरून राहतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला पाडतो. मी स्वतः रेडिएटर तीनदा धुऊन ऊर्ध्वपातित पाणी भरले होते.

तपासनिसांनी तात्यांची तार बोटाने ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली आणि शेजारच्या मुलांना बोलावून ती दाखवली. तात्यांना तमिळ येत नाही आणि इंग्रजीही बेताचे, पण बांधणी कशी केली ते त्यांनी पक्कड हातात घेऊन दाखवले. संध्याकाळपर्यंत आमच्या शेजारच्या गॅरेजमधले दोन मेकॅनिक त्यांच्याकडून तार पिळून घेत होते आणि बदल्यात आम्हाला मोठा पंखा मिळाला होता.

संध्याकाळी चालकांची बैठक झाली. निशाणांचा अर्थ पुन्हा सांगितला गेला. पिवळे दिसले की पुढे धोका, ओव्हरटेक करायचे नाही. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. लाल म्हणजे शर्यत थांबली. काळ्यावर नारिंगी गोल आणि आपला क्रमांक दिसला तर आपल्या गाडीत बिघाड आहे, ताबडतोब बाहेर यायचे. निळे निशाण मागून वेगवान चालक येत असल्याचे सांगते. मी मागच्या रांगेतली आहे, त्यामुळे निळ्या निशाणाला मी फार जपते. ते दिसल्यावर घाबरून बाजूला होणे सर्वांत धोक्याचे असते. आपली लाइन न बदलता चालवत राहायचे, जाणारा आपली वाट शोधून जातो.

शुक्रवार : सराव आणि क्वालिफायिंग

सकाळच्या पहिल्या सरावात सी-वनला मी जुन्याच ठिकाणी थ्रॉटल सोडला. दुसऱ्या फेरीत, तिसऱ्या फेरीत तेच. नोंद झाली दोन मिनिटे २७ सेकंद, म्हणजे मागच्या वर्षीच्या माझ्या वेळेपेक्षाही एक सेकंद जास्त.

आर-१५ हे १५५ सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन आहे. त्याच्याकडे मोठ्या गाडीसारखी ताकद नाही, म्हणून वळणात गमावलेला वेग सरळ पट्ट्यावर परत मिळवता येत नाही. तो हळूहळू, गिअरमागून गिअर जमवावा लागतो. लहान गाडीच्या शर्यतीत ब्रेक शूरपणे लावण्यापेक्षा ब्रेक कमी लावण्याला मोल आहे. सी-वनला मी जो वेग सोडून देत होते तो पुढच्या दोन वळणांतही मला कमी पडत होता, आणि एका वळणाची भीती मी अर्ध्या ट्रॅकभर पुरवून भोगत होते.

तात्यांनी पिटच्या, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या थांबतात त्या जागेच्या, भिंतीवरून नुसता कान लावला होता. मी हेल्मेट काढल्यावर ते म्हणाले, “ताई, इंजिनचा आवाज कुठं पडतोय ते ऐकलं मी. तुम्ही वळण बघून थ्रॉटल सोडत नाही. वळण यायच्या आधीच सोडताय. तुमची नजर कुठं असते तिथं?”

मी विचार केला आणि मला लाज वाटली. माझी नजर वळणाच्या बाहेरच्या कडेवर, खडीच्या पट्ट्यावर होती. मोटारसायकल नजरेच्या मागे जाते, हे प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात. ज्या खड्ड्याकडे टक लावून पाहाल त्यातच चाक जाते, हे आपल्याकडे रस्त्यावर चालवणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेले असते. मी मागच्या वर्षीपासून पडायच्या जागेकडे पाहत वळणात शिरत होते आणि मग वेग भीतीदायक वाटतो म्हणून तो कमी करत होते.

दुसऱ्या सरावात मी वेगाचा विचार बाजूला ठेवला. भिंतीवरच्या जाहिरातीतले एक मोठे निळे अक्षर मी खूण म्हणून धरले. ते अक्षर खांद्याशी येईपर्यंत हनुवटी टाकीवर टेकवून थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, मग उठायचे, एक गिअर खाली, आणि गाडी झुकवायच्या आधीच डोळे एपेक्सवर, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेच्या त्या बिंदूवर न्यायचे. उजवे हँडल पुढे ढकलले की गाडी उजवीकडे झुकते. एपेक्स गाठायच्या आतच नजर तिथून काढून बाहेर पडायच्या जागेवर टाकायची आणि थ्रॉटल केसभर उघडत राहायचे, म्हणजे वजन मागच्या चाकाकडे जाऊन पुढच्याला मोकळीक मिळते. पहिल्या दोन फेऱ्या अक्षराच्या आधीच हात सैल पडला. तिसऱ्या फेरीत अक्षर खांद्याशी आले. गाडी हलली नाही, चाक निसटले नाही, ट्रॅक आधी वाटत असे त्यापेक्षा रुंद दिसला आणि उजवा गुडघा, माझ्या पाच वर्षांत पहिल्यांदा त्या वळणात, जमिनीला टेकला.

दुपारी डांबराचे तापमान मी बरोबर आणलेल्या यंत्राने मोजले तेव्हा ५२ अंश होते. क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे शर्यतीत कुणी कुठे उभे राहायचे ते ठरवणाऱ्या सत्रात, माझी वेळ आली २ मिनिटे २४.८ सेकंद. अकरा जणींत मी नववी. सर्वांत पुढची मुलगी माझ्यापेक्षा दहा सेकंदांनी वेगवान होती, आणि तिला पाहून मी जे शिकते ते मला दुसरे कुणी शिकवू शकणार नाही.

संध्याकाळी शेजारच्या गॅरेजमधली सतरा वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. ती आठव्या क्रमांकावर होती. आमच्या वर्गाचे नाव ‘गर्ल्स’ असे आहे. तिला ते शोभते. मी छत्तीस वर्षांची आहे आणि मला ते नाव बदललेले आवडेल. ‘महिला’ या शब्दात आम्ही दोघीही मावतो. तिने विचारले, की बायकांचा वेगळा वर्ग असावा का. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात, वेगळा वर्ग म्हणजे आपण कमी आहोत असे कबूल करणे.

मी तिला २०१८ सालच्या स्पेनच्या आना कारास्कोची गोष्ट सांगितली. सुपरस्पोर्ट ३०० या जागतिक स्पर्धेत तिने पुरुषांबरोबर धावून एका गुणाच्या फरकाने विजेतेपद मिळवले, आणि एकट्याने चालवायच्या मोटारसायकलच्या सर्किट शर्यतीत जगज्जेती झालेली ती पहिली स्त्री. त्याच आना कारास्कोने २०२४ मध्ये बायकांसाठी नव्याने सुरू झालेल्या जागतिक सर्किट शर्यतींत, सगळ्यांना एकसारख्या यामाहा आर-७ गाड्या दिलेल्या असताना, पहिले विजेतेपद घेतले. तिला वेगळ्या वर्गाची गरज नव्हती हे तिने आधीच सिद्ध केले होते, तरी ती त्यात उतरली. आपल्या बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये बाहा शर्यतींच्या विश्वचषकात महिलांचे विजेतेपद मिळवले, तेही वाळू-दगडांवरून पुरुषांच्याच मार्गाने धावून. माझे मत मी तिला सांगितले, की सराव सगळ्यांबरोबर करावा आणि वर्ग वेगळा असेल तर त्यात आनंदाने उतरावे. कारण ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटते त्या रांगांत, अकरा जणी उभ्या दिसल्या तर भिंतीपलीकडे उभी असलेली बारावी मुलगी घरी जाऊन हट्ट धरते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, उद्या मी तुम्हाला पुढे जाऊ देणार नाही. मी म्हटले, जाऊ देऊ नकोसच.

शनिवार : पहिली शर्यत

पहिली शर्यत सहा फेऱ्यांची होती. वॉर्म-अप फेरी करून ग्रिडवर उभे राहिल्यावर सूटच्या आत पाठीवरून घामाची धार चालली होती. लाल दिवे लागले, मी इंजिन वरच्या फेऱ्यांवर धरले, दिवे विझले आणि क्लच मी फार घाईने सोडला. पुढचे चाक उचलले गेले, थ्रॉटल मिटवावा लागला आणि तेवढ्यात मी शेवटच्या जागी गेले. तिसऱ्या फेरीत पुढे कुणी तरी पडले आणि लाल निशाण आले. ती मुलगी स्वतःच्या पायांनी चालत मार्शलबरोबर कठड्यामागे गेलेली मी पाहिली, तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला. उन्हात दिवसभर उभे राहून क्षणात धावत जाणाऱ्या या मार्शलांचे ऋण आमच्यापैकी प्रत्येकीवर आहे.

पुन्हा सुरुवात होऊन चार फेऱ्या झाल्या. मी नववी आले. सी-वनला चारपैकी दोनच फेऱ्यांत निळे अक्षर खांद्याशी येऊ दिले. पुढे कुणाची गाडी असली की नजर त्या गाडीच्या मागच्या चाकावर अडकत होती. वहीत मी तेवढेच लिहिले. प्रयोगशाळेच्या सवयीने मी प्रत्येक सत्राची नोंद ठेवते: हवेचा दाब, डांबराचे तापमान, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात एकच वाक्य.

रात्री आठच्या सुमाराला जोराची सर आली आणि अर्ध्या तासात थांबली. दीर म्हणाले, “वहिनी, झोपा आता, क्लचची केबल मी आणि तात्या बघतो.” केबलमधली ढील त्यांनी एक मिलिमीटरने कमी केली. माझा हात लहान आहे, त्यामुळे क्लच कुठे धरतो ते बोटांना नेमके कळणे मला इतरांपेक्षा अधिक लागते.

रविवार : दुसरी शर्यत

सकाळी ट्रॅक कोरडा झाला होता, तरी कडेच्या रंगीत पट्ट्यांवर ओल होती. शर्यत अकरा वाजता सुरू झाली. या वेळी क्लच बरोबर जागी धरला आणि पहिल्या वळणाकडे जाताना मी नववीच्या आठवी झाले होते. सतरा वर्षांची ती मुलगी माझ्या लगेच पुढे, सातव्या जागी होती.

दोन फेऱ्या मी तिच्या मागून चालवल्या. घट्ट वळणांत ती माझ्यापेक्षा सरस होती. गाडी चटकन उभी करून ती चार-पाच मीटर दूर निघून जात असे. मुख्य पट्ट्यावर ते अंतर मला परत मिळत होते, कारण पुढच्या गाडीने फाडलेल्या हवेच्या पोकळीत, तिच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर अंग चोरून राहिले की तेच इंजिन थोडे अधिक धावते. लहान गाड्यांच्या शर्यतीत या स्लिपस्ट्रीमवर सगळे हिशेब चालतात. पुढे असणे प्रत्येक वेळी फायद्याचे नसते. शेवटच्या फेरीत कोण कुणाच्या मागे आहे, त्याला महत्त्व येते.

तिसऱ्या फेरीत तिच्या मागून सी-वनला पोहोचताना नजर पुन्हा तिच्या चाकावर गेली. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ‘वर’ असे म्हटले आणि डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे, एपेक्सवर नेले. निळे अक्षर खांद्याशी आले. तिने माझ्याआधी थ्रॉटल सोडला होता. मी बाहेरच्या बाजूने तिच्या शेजारी आले, पण आतली बाजू तिची होती आणि पुढच्या वळणाआधी मी मागे राहिले. त्या एका क्षणात मला कळले, की या ट्रॅकवर एक जागा आहे जिथे मी तिच्यापेक्षा वेगवान आहे, आणि ती जागा सी-वन आहे. मागच्या वर्षभराच्या साऱ्या रात्रींचा विचार करता मला ही गोष्ट अजून नीट लिहिता येत नाही.

चौथ्या आणि पाचव्या फेरीत मी मागेच राहिले. घाई केली नाही, तिची लाइन पाहिली. शेवटच्या फेरीच्या सुरुवातीला मुख्य पट्ट्यावर तिच्या पोकळीतून उशिरा बाहेर पडले, उजवीकडे, म्हणजे आतल्या बाजूला. अक्षर खांद्याशी आले तेव्हा आमची पुढची चाके बरोबरीने होती. ती उठली. मी आणखी एक क्षण टाकीवर टेकून राहिले, मग उठले, गिअर खाली घेतला आणि नजर आत टाकली. आतून गेल्यामुळे वळण मला अधिक अरुंद मिळाले, गाडी बाहेरच्या कडेपर्यंत वाहत गेली, आणि जिथे वर्षभर मी खडी पाहत होते त्या कडेच्या पट्ट्यावरून चाक ओलावा टाळून गेले. त्या वेळी मी खडीकडे पाहिले नाही. पुढे काय आहे ते पाहत होते.

उरलेल्या फेरीत तिने तीनदा नाक आत घालण्याचा प्रयत्न केला. शेवटच्या वळणातून बाहेर पडताना ती माझ्या पोकळीत होती आणि रेषेकडे येताना तिच्या इंजिनचा आवाज माझ्या डाव्या कानात चढत होता. चौकटीचे निशाण आम्ही जवळजवळ एकत्रच ओलांडले. वेळेच्या कागदावर माझे नाव सातवे होते, अंतर १८ शतांश सेकंद. माझी सर्वांत चांगली फेरी होती २ मिनिटे २२.६ सेकंद.

पार्क फर्मेमध्ये, तपासणीसाठी गाड्या उभ्या करतात तिथे, तिने हेल्मेट काढले आणि सी-वनला मी कोणती खूण धरते ते विचारले. मी तिला निळ्या अक्षराचे सांगितले. पुढच्या स्पर्धेत ती मला तिथेच मागे टाकील, हे मला माहीत आहे. तिनेही मला घट्ट वळणातून गाडी लवकर उभी कशी करायची ते हाताने दाखवले: अंग आतच ठेवायचे आणि गाडी तेवढी अंगाखालून बाहेर ढकलायची.

सोमवार आणि मंगळवार : परतीचा रस्ता

सोमवारी पहाटे निघालो, तुमकुरूच्या पुढे मुक्काम केला. येताना बोललो त्याच्या निम्मेही बोललो नाही. मंगळवारी कोल्हापूर सोडल्यावर पाऊस लागला.

कराडला पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. तात्या घरी गेले नाहीत. त्यांनी गॅरेज उघडले, दिवा लावला, गाडी उतरवून स्टँडवर घेतली आणि पोलादी तार कापून ड्रेन नट खोलला. ऑइल पसरट डब्यात पडले, तसे त्यांनी त्यात दोन बोटे बुडवली, दिव्याखाली धरून अंगठ्याने चोळली आणि धातूचा कण चमकतो का ते कितीतरी वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे वही मागितली, पुसलेल्या हाताने पेन धरले आणि रविवारच्या ओळीपुढे, शेवटच्या रकान्यात, आपल्या अक्षरात लिहिले : ‘ऑइल स्वच्छ. सी-वनला आवाज पडला नाही.’